सुरतेची जर आणि गिटारची तार

सुरत शहराच्या पूर्वेस पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. गुजरातेत 'पाटिया' म्हणजे हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी उभी असते ते ठिकाण. पर्वत हे मूळचे खेडे. शहर वाढत वाढत त्याच्याही पलीकडे गेले आणि पाटीभोवती कापडाच्या पेठा, गोदामे आणि चाळवजा वस्त्या उभ्या राहिल्या. नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूंनी तापीच्या खोऱ्यातून पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे सुरतेच्या या पूर्वभागात मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग, रंगाई आणि जर या तीन धंद्यांवर त्यांतील अनेकांचा संसार चालतो.

अशाच एखाद्या घरी एक जुनी गिटार येते असे समजू. ती साधी नव्हे. अंगाने पोकळ, पोटाशी इंग्रजी 'एफ्' अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असलेली आणि तरीही विजेच्या साह्याने वाजणारी. पूर्वीच्या मालकाने चढविलेल्या तारा गंजून काळ्या पडलेल्या आहेत. त्या बदलावयास हव्यात, इतके घरातील मुलास कळते. पण दुकानात गेल्यावर त्याच्यापुढे दहा प्रकारची पाकिटे येतात: पितळी रंगाच्या तारा, रुपेरी तारा, गोल वेटोळ्यांच्या, चपट्या वेटोळ्यांच्या, बारीक, जाड. कोणती घ्यावी? निवड चुकली तर एक तर वाद्याचा आवाज निम्मा मुका होतो, किंवा वर्षा-दोन वर्षांत त्याची मान वाकते. कष्टाच्या पैशांतून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर पाकिटावर छापलेले नसते. ते तारेच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास सुरतेच्या माणसास वाटतो तितका परका नाही.

सुरतेचा जुना लौकिक दोन गोष्टींसाठी: बंदर आणि जर. बंदराचे वैभव मुंबईने घेतले. जर मात्र सुरतेतच राहिली. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर जो मोर चमकतो, त्याची जर बहुधा सुरतेहूनच आलेली असते. ही जर तयार करण्याची रीत पाहण्याजोगी आहे. चांदीची कांब तापवून, ठोकून लांब करतात आणि मग जंतरातून ओढतात. जंतर म्हणजे क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी छिद्रे असलेली पट्टी. एका छिद्रातून तार निघाली की दुसऱ्या, त्याहून बारीक छिद्रात ती घालावयाची. असे करता करता ती केसासारखी होते. नंतर दोन गुळगुळीत रुळांमधून ती दाबून चपटी करतात. या चपट्या तारेस बादला म्हणतात. हा बादला रेशमाच्या धाग्याभोवती अगदी लगत लगत गुंडाळला आणि त्यावर सोन्याचे पाणी चढविले की झाला कलाबतू, म्हणजेच जर. आज पुष्कळ जरीत चांदीच्या जागी मुलामा दिलेले तांबे असते आणि रेशमाच्या जागी सूत अथवा कृत्रिम धागा. परंतु पोटात मऊ, लवचीक धागा आणि वर धातूचे वेटोळे हे तत्त्व बदललेले नाही. सुरतेच्या या जरीकामास २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता हेच वर्णन थोडे फिरवून वाचावे. पोटात धागा, वर धातूच्या तारेचे घट्ट वेटोळे. गिटारची जाड तार याहून निराळी कशी आहे? ती निराळी नाहीच. आणि या दोघींचे नाते किती जुने आहे, हे पाहावयाचे तर १६६४ सालाकडे वळले पाहिजे.

मराठी माणसास १६६४ आणि सुरत हे शब्द एकत्र आले की एकच गोष्ट आठवते. त्या वर्षाच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि मोगलांच्या या श्रीमंत बंदराचा दरारा धुळीस मिळविला. त्याच वर्षी लंडन शहरात संगीतविषयक ग्रंथांचे प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी आपल्या एका पुस्तकात नव्या प्रकारच्या तारांची वार्ता दिली. आतड्याच्या तातीवर किंवा रेशमावर बारीक तार गुंडाळून केलेल्या या तारा खर्जाच्या स्वरांसाठी साध्या तातीपेक्षा अधिक चांगल्या व अधिक मोठ्याने वाजतात, असा त्या वार्तेचा आशय होता. गोट व झालरी करणाऱ्या कारागिरांचा जो शब्द इंग्रजीत अशा गुंडाळण्यास रूढ होता, तोच प्लेफर्ड यांनी या तारांसाठी वापरला. जरीकामाचे तत्त्व वाद्यावर आले ते असे.

त्याची गरज का पडली, हे समजणे कठीण नाही. फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले होते. तार लांब केली तर स्वर खाली जातो. जाड व जड केली तर खाली जातो. ताण वाढविला तर वर चढतो. सर्व तारांची लांबी सारखी ठेवावयाची असेल, तर खर्जाचा स्वर मिळविण्यास तार जाड करण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु तात जाड केली की ती ताठ होते, आणि ताठ तार नीट कंप पावत नाही. तिचा आवाज दोरीसारखा भद्द येतो. गुंडाळलेल्या तारेने ही अडचण दूर केली. वजन वरच्या धातूने द्यावयाचे आणि लवचीकपणा पोटातील धाग्याने राखावयाचा, अशी ती वाटणी होती. पुढे गिटारच्या खालच्या तीन तारा याच रीतीने होऊ लागल्या. पोटात रेशीम आणि वर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार, हा त्यांचा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी आंद्रेस सेगोव्हिया या थोर वादकाच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा केल्या, तेव्हा कोठे तात आणि रेशीम मागे पडले. तोवर गिटारची खर्जाची तार आणि सुरतेची जर या सख्ख्या बहिणी होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

पोलादाने मात्र या घराण्यात नवा अध्याय सुरू केला. १८५०च्या दशकात बर्मिंगहॅमकडील जेम्स हॉर्सफॉल यांनी पोलादी तारेवर उष्णतेची विशिष्ट प्रक्रिया करून तिची ताकद पुष्कळ वाढविली. पियानोस हवी तशी मजबूत तार त्यामुळे मिळू लागली आणि तीच पुढे इतर वाद्यांकडे आली. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात असाच पालट घडत होता. रबाबावर तात असे. त्याच कुळातील सरोदावर धातूच्या तारा चढल्या आणि त्यांस मानवेल अशी धातूची पट्टीही आली. तार बदलली म्हणून वाद्याचे अंग बदलले आणि अंग बदलले म्हणून गतही बदलली. तार ही वाद्यावर मागाहून लावावयाची वस्तू नसून वाद्याच्या रचनेचाच एक भाग आहे, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधावयास नको.

गिटारच्या बाबतीत हा पालट हवाई बेटांनी घडविला. मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजविण्याची तिकडची रीत तातीवर नीट साधत नव्हती. तिला पोलादी तारच हवी होती. १९१५ साली सान फ्रान्सिस्को येथे भरलेल्या महाप्रदर्शनात हवाईयन वादकांनी अमेरिकेस वेड लावले आणि पोलादी तारांची मागणी वाढली. १९२२च्या सुमारास मार्टिन या जुन्या कारखान्याने खास पोलादी तारांसाठी बांधलेल्या गिटारी विक्रीस आणल्या. पोकळ पेटीतून मोठा व झगझगीत आवाज यावा म्हणून या गिटारींच्या जाड तारांवर पितळेच्या जातीच्या मिश्रधातूंचे वेटोळे देण्याचा प्रघात पडला. तो प्रघात लाकडी गिटारीपुरता योग्यच होता. घोटाळा झाला तो वीज आल्यावर.

१९३२ साली विजेवर वाजणारी पहिली गिटार बाजारात आली. तीही हवाईयन रीतीचीच होती. चार वर्षांनी, १९३६ मध्ये, गिब्सन कारखान्याने 'ईएस् १५०' नावाची पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार आणली. चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णीय वादकाने ती हाती घेतली आणि १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात तो दाखल झाला. तोवर वाद्यवृंदात गिटारचे काम मागे बसून ठेका धरण्याचे. शिंगांच्या व पिपाण्यांच्या गलक्यात तिचा एकेक स्वर कोणास ऐकू येत नसे. ख्रिश्चनने तिला त्यांच्या बरोबरीने बोलावयास लावले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. पण तेवढ्या काळात त्याने या वाद्याचे स्थान कायमचे बदलून टाकले.

या गिटारीचा कान लाकडाचा नव्हे, चुंबकाचा असतो. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. यास पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे नेला की आवाज निघतो. चुंबकास लोह कळते, निकेल कळते. पितळ, कासे, रेशीम व नायलॉन कळत नाही. म्हणून पितळी वेटोळ्यांची तार या गिटारीवर चढविली, तर चुंबकास फक्त तिच्या पोटातील पोलाद ऐकू येते. वरचे सारे वेटोळे त्याच्या लेखी नसल्यासारखेच. परिणामी गुंडाळलेल्या जाड तारा क्षीण वाजतात आणि वरच्या दोन साध्या तारा कर्कश पुढे येतात. वाद्य पोकळ आहे, पेटीसारखे दिसते, म्हणून पेटीची तार लावणे ही या वाद्याच्या मालकांची नेहमीची चूक होय. दिसण्यावरून निवड केली की ती अशी फसते. पोकळ इलेक्ट्रिक गिटारीस निकेलची, किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची वेटोळी असलेली तार लागते. पहिला नियम हा.

दुसरा नियम अंगाचा. गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून सगळ्या संचाची ओळख सांगतात. ०.०१० इंचांचा संच आणि ०.०१२ इंचांचा संच यांत डोळ्यांस भेद दिसत नाही. परंतु लांबी आणि स्वर तेच ठेवले, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिली तार १० वरून १२ वर गेली की तिचा ताण शेकडा ४४ ने वाढतो. सहाही तारांची बेरीज केली तर हलक्या संचाची ओढ सुमारे ४७ किलो आणि जड संचाची सुमारे ७० किलो भरते. पोकळ गिटारीची वरची फळी पातळ असते. ती या ओढीखाली उभी राहून बोलावी लागते. जुन्या, मान किंचित उचललेल्या वाद्यावर जड संच चढविणे धोक्याचे. तर जाड तारांसाठीच बांधलेल्या भक्कम वाद्यावर अगदी बारीक संच चढविला, तर फळी जागीच होत नाही आणि आवाज चिरका राहतो. मिरजेच्या सतारमेकरांस हा विचार नवा नाही. पुरुषाच्या तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या, स्त्रीच्या तंबोऱ्याच्या वेगळ्या. जोडीस पोलाद, खर्जास पितळ. आणि हे सारे भोपळ्याचा घेर आणि गळ्याची पट्टी पाहून ठरवावयाचे. ज्या मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची कीर्ती लाकडाइतकीच या जाणतेपणावर उभी आहे.

तिसरा नियम हाताचा, म्हणजे काय वाजवावयाचे आहे त्याचा. येथे गिटार हिंदुस्थानात कशी रुजली हे आठवणे उपयोगी पडते. मुंबईत गोमंतकीय वादकांनी हॉटेलांतील वाद्यवृंदांतून आणि नंतर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून पाश्चात्त्य वाद्ये घराघरांत पोहोचविली. धोबी तलावावरील फुर्तादो हे १८६५ पासूनचे दुकान त्या परंपरेची खूण म्हणून आजही ओळखले जाते. हवाईयन वादक ताऊ मो यांनी १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहून ती रीत शिकविली. लखनौहून मुंबईस आलेल्या व्हॅन शिपली यांनी आठ तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीवर चित्रगीते वाजवून तिला तबकड्यांच्या द्वारे गावोगाव नेले. पण ती रागसंगीत बोलू शकेल की नाही, याचे उत्तर गुजरातेतूनच मिळावयाचे होते.

ब्रिजभूषण काब्रा हे १९३७ साली जोधपूरला जन्मले. त्यांचे वास्तव्य अहमदाबादेस होते. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे त्यांनी विद्या घेतली, म्हणजे तालीम सरोदाची आणि वाद्य गिटार. त्यांनी जी गिटार निवडली ती गिब्सनची 'सुपर ४००', मोठ्या घेराची, पोकळ अंगाची. ती त्यांनी मांडीवर आडवी घेतली. तारा पडद्यांपासून उचलून घेतल्या, म्हणजे कांडी अडखळल्याशिवाय सरकावी. आणि चिकारीची सोय केली. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात न तुटता जाणारी मींड हा आपल्या संगीताचा प्राण. पडद्यांनी तुकडे तुकडे केलेल्या या वाद्यातून ती कशी काढावी, हा काब्रा यांच्यापुढील खरा प्रश्न होता. आणि तो त्यांनी प्रथम तारेच्या पातळीवर सोडविला. १९६७ साली पंडित शिवकुमार शर्मा व पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी देशोदेशी गेली. २०१८ साली अहमदाबादेत काब्रा निवर्तले. परंतु गिटारीस हिंदुस्थानी वाद्यांच्या पंक्तीत बसविण्याचे काम त्यांनी पुरे केले होते. पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी पोकळ गिटारीवर तरफांच्या तारा चढवून मोहनवीणा सिद्ध केली, तिचा मार्ग काब्रा यांनीच मोकळा केलेला होता.

आता पर्वत पाटियाच्या त्या घराकडे परतावे. चित्रगीतांची साथ करावयाची असेल, तर निकेलच्या गोल वेटोळ्यांचा, ०.०११ पासून सुरू होणारा मध्यम संच जुन्या पोकळ गिटारीस बहुधा मानवतो. मृदू, गोलसर आणि बोटे सरकताना किरकिर न करणारा आवाज हवा असेल, तर चपट्या वेटोळ्यांची तार घ्यावी. पोकळ गिटारीवर जॅझ वाजविणाऱ्यांची ती जुनी आवडती तार. तिच्या फटींत घाम व मळ कमी साचतो, त्यामुळे सुरतेच्या दमट हवेत ती अधिक दिवसही टिकते. बोटाने तार ओढून मींड काढावयाची असेल, तर हलका संच आणि तिसरी तार साधी, न गुंडाळलेली असावी. मात्र अशा अनेक जुन्या गिटारींची लाकडी घोडी गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशेबाने कोरलेली असते. तेथे साधी तार लावली की वरच्या पडद्यांवर ती बेसूर होते. कांडीने वाजवावयाचे असेल, तर तार जाड हवी, नाहीतर ती कांडीखाली दबते. सर्व तारा एकदम कधीही उतरवू नयेत. या गिटारीची घोडी बहुधा चिकटविलेली नसते. ती तारांच्या दाबानेच जागेवर उभी असते. एक तार काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, मग दुसरीस हात घालावा.

दुकानातून मुलगा चपट्या वेटोळ्यांची तार घेऊन आला आणि ती त्याने जरीच्या कारखान्यात आयुष्य घालविलेल्या आपल्या बापाच्या हाती दिली, तर बापास गिटारीतले काही कळण्याची गरज नाही. तो तारेवरून नख फिरवील, उजेडात धरून वेटोळी किती लगत बसली आहेत ते पाहील आणि हा तर बादलाच, फक्त रेशमाच्या जागी पोलाद आले, हे त्यास सांगावे लागणार नाही. वेटोळे सैल असेल तर जर उसवते आणि तार भरभरते, हेही तो जाणतो. तार खरी की खोटी हे त्याने पारखावे, कोणत्या स्वरास लावावी हे मुलाने ठरवावे. आणि पहिली तार पिळून स्वरात आणताना दोघांनीही कान द्यावा.